पाळीव मांजरांतील माइट परजीवींचा प्रादुर्भाव : उपचार व प्रतिबंध (आपटा परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पनवेल तालुक्यातील पाताळगंगेच्या काठचे आपटा हे गाव भातशेतीच्या पट्ट्यात येते. अशा गावांत मांजर हा उंदरांपासून धान्याचे रक्षण करणारा घरचा सोबती मानला जातो. ते माळ्यावर, गोठ्यात व शेजारच्या घरांत मुक्तपणे वावरते. त्यामुळे स्पर्शाने पसरणारे परजीवी एका मांजराकडून दुसऱ्याकडे सहज जातात. ग्रामीण पशुवैद्यकीय सेवेचा भर मात्र गाय, म्हैस, शेळी यांवर असल्याने मांजरावर बहुधा घरगुती उपायच होतात. ते काही वेळा रोगापेक्षा घातक ठरतात. प्रस्तुत लेखात या विषयाचा शास्त्रीय परामर्श घेतला आहे.

परजीवी व लक्षणे :
माइट हे कीटक नसून कोळी व गोचीड यांच्या वर्गातील सूक्ष्म जीव होत. प्रौढावस्थेत त्यांना आठ पाय असतात. मांजरात प्रामुख्याने पुढील प्रकार आढळतात.

१) ओटोडेक्टिस सायनोटिस : हा कानात राहतो. कानात दळलेल्या कॉफीसारखा काळपट मळ साठतो. मांजर सतत डोके झटकते व कान खाजवते. अंड्यापासून प्रौढ होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात.

२) नोटोएड्रीस कॅटी : यामुळे लूत भरते. कानाच्या कडा, चेहरा व मान यांवर जाड खपल्या धरतात आणि तीव्र खाज सुटते. माणसालाही तात्पुरती खाज येऊ शकते.

३) चेलेटिएला : पाठीवर कोंडा दिसतो व तो हलल्याचा भास होतो.

उपचार :
कानातील मळ किंवा त्वचेची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान करता येते. काळा मळ बुरशी वा जिवाणूंमुळेही येऊ शकतो. म्हणून तपासणीविना औषध घालणे योग्य नव्हे. मानेच्या मागील त्वचेवर सोडावयाचे सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन किंवा फ्लुरालेनर ही औषधे वजनानुसार, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरतात. परजीवीचे जीवनचक्र तीन आठवड्यांचे असल्याने खाज थांबताच उपचार सोडल्यास प्रादुर्भाव पुन्हा उद्भवतो.

येथे एक धोका विशेष नोंदविण्याजोगा आहे. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. मांजराच्या यकृतात ग्लुकुरोनायडेशन ही विषनिवारक प्रक्रिया अत्यंत मंद असल्याने या द्रव्याने त्यास कंप व झटके येऊन मृत्यूही ओढवू शकतो. फिनेलमधील फिनॉलवर्गीय द्रव्येही याच कारणाने विषारी ठरतात. रॉकेल लावल्यास त्वचा भाजते आणि अंग चाटण्याच्या सवयीमुळे ते पोटात जाते.

प्रतिबंध :
घरातील सर्व मांजरांवर एकाच वेळी उपचार करावेत. कानातील माइट कुत्र्यांतही आढळत असल्याने त्यांचीही तपासणी करावी. अंथरुणे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात ऊन नसताना ती वारंवार बदलावीत. नवे पिल्लू तपासणी होईपर्यंत वेगळे ठेवावे. मांजरे घरोघर फिरत असल्याने शेजाऱ्यांनी मिळून उपचार करणे अधिक फलदायी ठरते.

निष्कर्ष :
मांजरातील माइटचा रोग बरा होणारा आहे. योग्य निदान, पूर्ण मुदतीचा उपचार व सर्व प्राण्यांचा एकत्रित विचार ही त्याची त्रिसूत्री होय. मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे, एवढे भान पालकांत रुजविल्यास अनेक मृत्यू टळतील. विज्ञान शाखेच्या अध्यापकांनी विस्तार कार्यातून ही माहिती गावापर्यंत पोहोचविणे उपयुक्त ठरेल.