गॅस भरण्याआधी गळती शोधा : जुन्या पिकअपच्या एसीची दुरुस्ती

मार्च निम्मा झाला की जुन्या पिकअपचे मालक गॅरेजच्या दारात उभे राहतात आणि मागणी एकच असते, 'उस्ताद, एसीचा गॅस भरून द्या.' उस्ताद नळी लावतात, गॅस सोडतात, पैसे घेतात. पंधरा दिवस गारवा मिळतो, मग पुन्हा गरम हवा. मालक म्हणतो गॅस भेसळीचा होता, उस्ताद म्हणतात गाडीच जुनी आहे. जुने गिऱ्हाईक तुटते ते असे.

एसीचा गॅस म्हणजे डिझेल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल यांतून तोच गॅस फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडासा झिरपतो, तेवढे सोडले तर गॅस कमी झाला याचा अर्थ कोठे तरी गळती आहे. शिवाय कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते आणि गळतीतून तेही बाहेर पडते. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणाऱ्याचा कॉम्प्रेसर एक दिवस कोरडा पडून जाम होतो. मग धातूचा कीस सगळ्या यंत्रणेत पसरतो आणि शेकड्यांचे काम हजारांवर जाते.

बोलेरो कॅम्पर किंवा झेनॉनसारखी डबल केबिन पिकअप दहा-पंधरा वर्षे चालली की प्रथम साध्या गोष्टी पाहाव्यात. पट्टा सैल आहे काय? फ्यूज आणि रिले ठीक आहेत काय? एसी चालू करताच क्लचचा 'टक्' असा आवाज येतो काय? कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. उसाचे पाचट, कापसाची धूळ, चिलटे यांनी तो बुजलेला असेल तर कितीही गॅस भरा, केबिन गार होणार नाही. तो हलक्या धारेने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पातळ पात्या वाकतात. कित्येक गाड्यांचे काम येथेच संपते, आणि असे काम करून थोडीच मजुरी घेणाऱ्या कारागिराकडे तो मालक पुन्हा येतो, हे आम्ही पाहिले आहे.

त्यानंतर गेज लावावे. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला दोन्ही काटे ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास असले तर आत गॅस आहे एवढेच कळते, पुरेसा आहे की नाही हे कळत नाही. एसी चालवल्यावर दोन्ही बाजू कमी दाखवत असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा भरला आहे, नाही तर कंडेन्सरला हवा मिळत नाही. खालची बाजू जास्त आणि वरची कमी असेल तर बहुधा कॉम्प्रेसर थकला आहे.

गळती शोधण्यास डोळे पुष्कळ उपयोगी पडतात. जिथून गॅस जातो तिथे तेल येते आणि त्यावर धूळ बसून काळा चिकट डाग पडतो. नळ्यांचे सांधे, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील आणि गॅस भरण्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह या नेहमीच्या जागा. साबणाच्या पाण्याने खात्री करावी. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती उघडण्यापूर्वी पाणी निघण्याच्या नळीपाशी गळती-शोधक यंत्र धरून पाहावे, डॅशबोर्ड उगाच खोलावा लागत नाही. यंत्रणेत दाब भरून पाहायचा तर कोरडा नायट्रोजन वापरावा. वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही नको. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

सांधा उघडला की जुनी ओ-रिंग पुन्हा बसवू नये. नवी बसवताना तिला कॉम्प्रेसरचेच तेल लावावे. यंत्रणा उघडी राहिली असेल तर ड्रायर बदलावा. मग व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवावा म्हणजे आतील ओलावा वाफ होऊन निघून जातो. पंप बंद करून पुढचा अर्धा तास काट्यावर नजर ठेवावी. काटा परत आला तर गळती शिल्लक आहे. (काटा मुंबईत ३० इंचांच्या जवळ जातो, पुण्यात २८ च्या आसपास थांबतो आणि महाबळेश्वरात २५ वर. तो उंचीचा परिणाम आहे, पंपाचा दोष नव्हे.)

गॅस अंदाजाने नव्हे, वजनाने भरावा. बॉनेटखालच्या पट्टीवर ग्रॅम लिहिलेले असतात. इंजिन चालू असताना वरच्या दाबाचा व्हॉल्व्ह बंदच ठेवावा, नाही तर डबा फुटू शकतो. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस मिसळणारे महाभाग आहेत. कूलिंग कॉइल केबिनमध्ये असते आणि तिथे माणसे बसतात, हे त्यांना कोणी तरी सांगावे.

आखातातल्या गॅरेजमध्ये काम केलेल्या कोकणातील बंधूंना जुन्या हायलक्सचा आर-१२ गॅस आठवत असेल. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या द्रव्यांविषयी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि २०१० पर्यंत विकसनशील देशांतही त्याचे उत्पादन थांबवण्याचे ठरले. अशा गाडीत आर-१३४ए भरायचा तर जुने खनिज तेल चालत नाही, ते त्यात मिसळत नाही. जुने तेल काढून योग्य तेल घालावे, ड्रायर बदलावा आणि गॅस मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्केच भरावा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरील मालगाड्यांच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला आहे. लहान पिकअप त्या नियमात येत नाहीत, जुन्या गाड्या तर नाहीतच. मे महिन्यात जालना-नांदेडच्या रस्त्यावर भाजी, अंडी नेणाऱ्या चालकाची सोय मालक आणि कारागीर यांनाच पाहावी लागते.

मालकांनी बिलावर गळती कोठे सापडली, कोणता भाग बदलला आणि किती ग्रॅम गॅस भरला हे लिहून घ्यावे. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा, शाफ्टचे सील कोरडे पडत नाही.