विहिरीची दरड का ढासळते?

मोहोळ तालुक्यात विहीर खणायला घेतली की वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, असे थर सहसा लागतात. उन्हाळ्यात मुरमावर पहार मारली तर हाताला झिणझिण्या येतात. मालक म्हणतो, "एवढा घट्ट मुरूम, बांधकामाला पैसा कशाला घालायचा?" आणि दोन पावसाळे गेले की तीच बाजू विहिरीत येते. मुरूम तोच, मग त्याची ताकद गेली कुठे? ती पाण्याने नेली.

आपला दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. अखंड पाषाणात पाणी शिरायला जागा थोडी, म्हणून भिजून त्याचे फारसे बिघडत नाही. पण हाच दगड झिजून-कुजून मुरूम झाला की त्यात बारीक भेगा आणि चिकणमाती असते. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. अशाने कण सुटे होतात. शिवाय ओल्या मुरमाचे वजन वाढते. म्हणजे भार जास्त आणि पकड कमी! उजनीच्या कालव्याखालच्या रानात तर तो उन्हाळ्यातही ओला राहू शकतो.

पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात भिजलेला डोंगरउतार कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे गेली. डोंगर काय, विहीर काय, पाण्याची करणी एकच.

घरी एक प्रयोग करा. मुरमाचे ढेकूळ आणि पाषाणाचा तुकडा उन्हात वाळवून रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी ढेकूळ हाताने चुरले, तर त्या थराला बांधकाम हवेच.

आणखी एक गोष्ट. भरलेली विहीर पाण्याच्या दाबाने आपल्या बाजू सावरून धरते. मोटर लावून ती झपाट्याने उपसली की हा आधार जातो. मागचा मुरूम मात्र ओलाच असतो आणि त्यातले पाणी बाजूला आत ढकलते. म्हणून पावसाळ्यात उपसा बेताने करा. उपसल्याबरोबर गाळ काढायला कोणाला खाली उतरवू नका. खणलेल्या मुरमाचा ढीग काठावर ठेवू नका. बांधकामात पाणी झिरपायला भोके ठेवा. काठावर नवी भेग दिसली, तर पोराबाळांना तिथून लांब ठेवा.

बांधकामाचा पैसा पुढच्या साली उभा करता येईल. दरडीखाली गेलेला माणूस परत येत नाही.