दिलेल्या शब्दाची किंमत

राज्यघटना कितीही काळजीपूर्वक लिहिली, तरी ती चालविणाऱ्या माणसांचें शील तींत लिहून ठेवतां येत नाहीं. अमेरिकेच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाकडे पाहतां ही गोष्ट आम्हांस विशेष जाणवते.

वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशीसाठीं १९७३ सालीं आर्चिबाल्ड कॉक्स यांची नेमणूक झाली. घोर गैरवर्तन घडल्यावांचून त्यांस काढणार नाहीं, असा शब्द ॲटर्नी-जनरल इलियट रिचर्डसन यांनीं सेनेटला दिला होता. पुढें कॉक्स यांनीं अध्यक्ष निक्सन यांच्या कचेरींतील संभाषणांच्या ध्वनिफितींचा आग्रह धरला, तेव्हां २० ऑक्टोबर रोजीं त्यांस बडतर्फ करण्याचा हुकूम सुटला. रिचर्डसन यांनीं हुकूम न पाळतां राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम रकेल्सहाउस यांनींहि नकारच दिला. यालाच आपण रामशास्त्री बाणा म्हणतों. तिसऱ्या अधिकाऱ्यानें हुकूम बजावला हें खरें. परंतु लोकक्षोभ असा उसळला, कीं कॉक्स यांच्या जागीं दुसरा अधिकारी नेमणें भाग पडलें. पुढें ७ ऑगस्ट १९७४ रोजीं स्वपक्षाच्याच तीन पुढाऱ्यांनीं निक्सन यांस पाठिंबा उरला नसल्याचें तोंडावर सांगितलें, आणि दोन दिवसांनीं त्यांनीं पद सोडलें. म्हणजे पाप तेव्हांहि होतें. पण त्याची लाजहि होती.

आतां अलीकडचें चित्र पाहा. हिशेबांत खोट्या नोंदी केल्याच्या ३४ आरोपांवर न्यूयॉर्कच्या ज्यूरीनें मे २०२४ मध्यें डोनल्ड ट्रंप यांस दोषी ठरविलें. नोव्हेंबरांत मतदारांनीं त्यांसच अध्यक्ष निवडलें. दुसऱ्या पक्षाचीहि तीच तऱ्हा. मुलास माफी देणार नाहीं, असें सांगितलेल्या अध्यक्ष बायडन यांनीं १ डिसेंबर २०२४ रोजीं ती दिली.

तथापि बीज अगदींच नष्ट झालें आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. २ जानेवारी २०२१ रोजीं ट्रंप यांनीं जॉर्जियांतील निवडणुकीची व्यवस्था पाहणारे ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांस टेलिफोनवरून ११,७८० मतें शोधून काढण्यास सांगितलें. रॅफेन्सपर्गर ट्रंप यांच्याच पक्षाचे. तरी ते बधले नाहींत. अवघ्या दुसऱ्याच वर्षीं, २०२२ सालीं, मतदारांनीं त्यांस पुन्हां निवडून दिलें.

घराची पत कर्त्या पुरुषाच्या शब्दावर चालते, तशीच राष्ट्राची अधिकाऱ्यांच्या शब्दावर. शब्द मोडणारास लाज वाटावयास लावणें हें मात्र कायद्याचें नव्हे, लोकांचें काम आहे.