विश्लेषण : ‘आज काय करू?’ हा प्रश्न महिनाभरासाठी सोडवता येतो का?

घरच्या स्वयंपाकात चिरणे, निवडणे आणि शिजवणे यांच्याबरोबरच ‘आज काय करू?’ हे ठरवण्यातही वेळ जातो. दोन वेळचे जेवण धरले तर हा प्रश्न महिन्यातून किमान ६० वेळा उभा राहतो आणि बहुतेक घरांत तो एकाच व्यक्तीपुढे असतो. वेरूळसारख्या गावात तो अधिक अवघड होतो. खुलताबाद तालुक्यातील या गावात अनेक घरांची चूल पर्यटक आणि भाविकांच्या गर्दीवर चालते आणि गर्दीच्या दिवशी घरच्याच स्वयंपाकाला हात रिकामा नसतो. महिन्याभराच्या जेवणाचे सोपे नियोजन कसे करावे, त्यातून वेळ किती आणि कोणाचा वाचतो, त्याच्या मर्यादा काय, याविषयी...

वेरूळमध्ये हा प्रश्न वेगळा कसा?

येथे आठवडा सगळीकडे चालतो तसा चालत नाही. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेली वेरूळची ३४ लेणी मंगळवारी बंद असतात. रविवारी आणि सुट्ट्यांमध्ये पर्यटकांची गर्दी असते. सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला भाविक येतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला तर गावात पाय ठेवायला जागा नसते. हार-फुले, प्रसाद, रसवंती, चहा-नाश्ता, मूर्ती आणि माळांची दुकाने, हॉटेलांतील कामे, वाहनचालक, गाइड अशा सगळ्यांचा दिवस पहाटे सुरू होतो. दुकानावर घरातील स्त्रियाही बसतात. म्हणजे शहरातील नोकरदार घराला रविवारी सवड मिळते, तर येथील अनेक घरांसाठी तोच सर्वांत धावपळीचा दिवस असतो. त्यामुळे ‘रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवा’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला वेरूळला लागू पडत नाही. येथे तयारीचा दिवस मंगळवार.

स्वयंपाकात नेमका किती वेळ जातो?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर ती करणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पण पुरुषांची वाढली नाहीत, उलट घटली. यात झाडलोट, धुणी-भांडी, पाणी हे सगळे येते, मात्र दररोज न चुकणारे काम स्वयंपाकाचेच. दुकान सांभाळून घर चालवणाऱ्या स्त्रीसाठी हा वेळ झोपेतून किंवा स्वतःच्या जेवणातून कापला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणे किंवा चहावर वेळ मारून नेणे, ही सवय त्याला हातभार लावते. त्यामुळे जेवणाच्या नियोजनाचा प्रश्न केवळ सोयीपुरता राहत नाही.

असे नियोजन कुठे यशस्वी झाले आहे का?

झाले आहे आणि ते गावातल्या शाळेतच दिसते. शालेय पोषण आहारासाठी राज्य सरकारने जून २०२४ मध्ये १५ प्रकारच्या पाककृती ठरवून दिल्या आणि त्या दोन आठवड्यांच्या चक्रात फिरवण्याचे वेळापत्रक सुचवले. मुगडाळ खिचडी, मसालेभात, मटकीची उसळ, सोयाबीन पुलाव, नाचणीसत्त्व असे पदार्थ त्यात होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यात बदल करण्यात आले. या योजनेत प्रमाणही ठरलेले असते. पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, तर सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. पदार्थ ठरलेले, वार ठरलेला, माप ठरलेले. म्हणून मोजकेच स्वयंपाकी-मदतनीस शाळेतील मुलांचे जेवण वेळेवर करू शकतात. घरासाठी यातून घेण्यासारखी गोष्ट एकच : तीस दिवसांचे तीस वेगळे पदार्थ लागत नाहीत. १२ ते १४ पदार्थांचे एक चक्र पुरेसे असते आणि तेच महिन्यात दोनदा फिरते.

सुरुवात कुठून करावी?

कैलास लेण्याविषयी एक आख्यायिका आहे. मध्ययुगीन मराठी ग्रंथ ‘कथाकल्पतरू’मध्ये ती येते. राजाच्या आजारपणात राणीने नवस केला, की मंदिराचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. इतर कारागिरांनी काही महिने लागतील असे सांगितले. पैठणच्या कोकसाने मात्र आठवड्यात शिखर दाखवतो म्हटले आणि खडक वरून खाली कोरायला घेतला. इतिहास हे श्रेय आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळाला देतो. मात्र लेणे वरून खाली कोरले गेले, हे खरेच.

स्वयंपाकाचे नियोजनही असे वरून खाली करावे लागते. बहुतेक जण किराणा यादीपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. आधी महिन्याचे कॅलेंडर घ्यावे. त्यावर सण, उपवास, गर्दीचे दिवस, परीक्षा, लग्नकार्ये, पाहुणे येण्याच्या तारखा लिहाव्यात. मग त्या दिवशी स्वयंपाकाला किती वेळ मिळेल ते ठरवावे : १५ मिनिटे, अर्धा तास किंवा एक तास. त्यानंतर त्या वेळेत बसणारा पदार्थ आणि सर्वांत शेवटी किराणा.

वेरूळच्या घरासाठी आठवडा कसा दिसेल?

उदाहरणादाखल रात्रीच्या जेवणाचा एक आठवडा असा मांडता येतो. सोमवारी उपवास असणाऱ्यांना भगर आणि शेंगदाण्याची आमटी, इतरांना मुगाची खिचडी आणि ताक. मंगळवारी लेणी बंद, म्हणून वरण, भात, भाजी, पोळी, कोशिंबीर असा पूर्ण स्वयंपाक आणि सोबत पुढची तयारी. बुधवारी मोडाची मटकी आणि भाकरी; सामिष खाणाऱ्या घरात रविवारचा बेत याच दिवशी हलवता येतो. गुरुवारी वरणफळे किंवा शेंगोळे, म्हणजे एकाच पातेल्यात जेवण. शुक्रवारी येसर आमटी, भाकरी आणि पालेभाजी. शनिवारी पिठले, भाकरी, ठेचा, कांदा. रविवारी कुकरमध्ये एकाच वेळी होणारा मसालेभात आणि दही. दुसऱ्या आठवड्यात मटकीऐवजी चवळी किंवा हरभरा, शेंगोळ्यांऐवजी धपाटे, मसालेभाताऐवजी भाज्या घातलेली तुरीच्या डाळीची खिचडी. एवढा बदल चवीसाठी पुरतो. सकाळच्या डब्यासाठी पोळी आणि कोरडी भाजी ठरलेली ठेवावी. तिथे प्रयोग नकोत.

तयारीच्या दिवशी नेमके काय करायचे?

महिन्याचा स्वयंपाक करून ठेवणे म्हणजे नियोजन नव्हे. मंगळवारचा दीड-दोन तास पाच कामांना द्यावा. कडधान्य भिजत घालावे. मटकी साधारण आठ तास भिजते आणि कापडात बांधल्यावर उन्हाळ्यात लवकर, हिवाळ्यात उशिरा मोड येतात. शेंगदाणे भाजून कूट करावे. आले, लसूण, मिरचीचे वाटण तेल-मीठ घालून काचेच्या बरणीत शीतकपाटात ठेवावे. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या कापडात गुंडाळावी. चिंचेचा कोळ काढून ठेवावा.

मराठवाड्याच्या घरांना हे नवे नाही. आज दुकानात ‘झटपट’ म्हणून जी पाकिटे मिळतात, त्यांचे काम येसर पिढ्यान्पिढ्या करत आले आहे. गहू, हरभरा डाळ अशी धान्ये भाजून धने, मिरची, खोबरे आणि गरम मसाल्यासह दळून ठेवायची. फोडणीत पाणी उकळले की येसर कालवून सोडायचे. काही मिनिटांत आमटी तयार. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सांडगे, शेंगदाण्याची चटणी हीसुद्धा जुन्या काळातील पूर्वतयारीच आहे. उन्हाळ्यात वाळवणे घालताना अख्ख्या वर्षाचे नियोजन होत असे.

किराणा किती लागतो?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनानुसार सुमारे २००० किलोकॅलरींच्या दिवसभराच्या थाळीत २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप असावे. चार प्रौढांच्या घराचा तीस दिवसांचा हिशेब केला तर धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये सुमारे १० किलो, शेंगदाणे-तीळ सव्वाचार किलो आणि तेल-तूप सव्वातीन किलो येते. लहान मुले असतील तर कमी, अंगमेहनतीचे काम असेल तर धान्य जास्त.

हा हिशेब घरच्या यादीशी पडताळून पाहण्यासारखा आहे. अनेक घरांत तेल यापेक्षा जास्त आणि डाळ यापेक्षा कमी येते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते. म्हणजे चौघांच्या घरात ३० पैकी २० किलो धान्याची सोय तिथून होते. वाचणारा पैसा डाळ, कडधान्य आणि दाण्यांकडे वळवला तर थाळीतील खरी कमतरता भरून निघते.

काय साठवावे, काय साठवू नये?

सर्वांत मोठी चूक येथेच होते. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर खवट आणि कडू होते. म्हणून बाजरी महिन्याची आणावी, पण दळावी आठवड्यापुरतीच. भाजलेल्या दाण्यांचा कूटही फार दिवस ठेवू नये. शिजवलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, शीतकपाटात पाच अंशांखाली ठेवावे आणि परत गरम करताना ते चांगले वाफाळेपर्यंत, म्हणजे ७० अंशांपुढे तापवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची सूत्रे सांगतात. मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर दोन तासही जास्तच. भाताबाबत विशेष काळजी हवी, कारण त्यातील काही जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळचा भात दिवसभर ओट्यावर ठेवून रात्री फोडणीला टाकणे म्हणूनच टाळावे. वीज वारंवार जात असेल तर शिजवलेल्या अन्नाच्या साठ्यावर विसंबू नये. येसर, भाजणी, कडधान्य यांसारख्या कोरड्या तयारीवर भर द्यावा.

मर्यादा कोणत्या?

रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घराला महिन्याचा किराणा एकदम भरता येत नाही. अशा घरांनी आराखडा महिन्याचा, खरेदी मात्र आठवड्याची ठेवावी. आठवडी बाजारात जी भाजी स्वस्त, तीच त्या आठवड्याची. तक्त्यात ‘भेंडी’ किंवा ‘मेथी’ न लिहिता ‘फळभाजी’ किंवा ‘पालेभाजी’ असे लिहिले की भाव वाढले तरी बेत मोडत नाही. तसेच महिन्यात चार दिवस कोरे ठेवावेत. पाहुणे, आजारपण, अचानक आलेली गर्दी यांसाठी ते लागतातच. काटेकोर तक्ता पहिल्याच आठवड्यात गुंडाळला जातो, सैल तक्ता टिकतो.

वाचलेला वेळ कोणाचा?

नियोजन करणे हेसुद्धा काम आहे. तेही त्याच स्त्रीच्या माथी आले तर तिचा भार कमी न होता फक्त वहीत उतरतो. पण तक्ता भिंतीवर लागला की एक गोष्ट बदलते. काय करायचे, साहित्य कुठे आहे, माप किती, हे डोक्यात न राहता सगळ्यांना दिसते. मग गुरुवारी दुकानातून आधी परतणारा माणूस कुकर लावू शकतो, शाळेतून आलेला मुलगा मटकीला पाणी मारू शकतो, सासूबाई शेंगा सोलून ठेवू शकतात. ‘मला काय माहीत काय करायचे होते’ ही सबब उरत नाही. म्हणून तक्त्यात पदार्थाच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा : कोण करणार. त्या रकान्यात आठवड्यातून दोन दिवस जरी दुसरे नाव आले, तरी घरातल्या बाईला त्या दोन रात्री सगळ्यांबरोबर ताटावर बसता येईल आणि गरम भाकरी खाता येईल.