वणवा गल्लीत शिरतो तेव्हा : घरं, आग आणि विम्याचं कोडं

जानेवारीतली आग

कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला समुद्रालगत पॅसिफिक पॅलिसेड्स ही श्रीमंत वस्ती आहे. ईशान्येला, सॅन गॅब्रिएल डोंगराच्या पायथ्याशी आल्टाडिना हे जुन्या, साध्या घरांचं गाव. ७ जानेवारी २०२५ रोजी सकाळी साडेदहाच्या सुमारास पॅलिसेड्समध्ये आग लागली आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास आल्टाडिनाजवळच्या ईटन दरीत दुसरी. दोन्ही पूर्ण आटोक्यात यायला ३१ जानेवारी उजाडली. तोवर १६ हजारांहून जास्त इमारती जळाल्या होत्या आणि मृतांचा आकडा पुढे ३१ वर गेला.

जानेवारी हा तिथला पावसाचा महिना. पण आधीच्या दोन हिवाळ्यांत भरपूर पाऊस झाल्याने डोंगरावर गवत-झुडपं माजली होती आणि मग मे २०२४ पासून शहरात जेमतेम चार-पाच मिलिमीटर पाऊस झाला. वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे सांता आना वारे त्या दिवशी काही ठिकाणी ताशी सव्वाशे किलोमीटरच्याही पुढे गेले. विमानं आणि हेलिकॉप्टरं उडू शकेनात. पॅलिसेड्सच्या उंचावरच्या भागात रस्त्यावरचे अग्निशमन नळ कोरडे पडले, कारण शहराची पाणीव्यवस्था एका वेळी दोन-चार घरांची आग विझवण्याच्या हिशोबाने बांधलेली असते. एकाच रात्री हजारो घरं विझवण्याची ताकद कुठल्याच शहराच्या नळांत नसते.

घर पेटतं ते ठिणगीने

आगीची भिंत डोंगरावरून चालत येते आणि घराला गिळते, असं चित्र आपल्या मनात असतं. प्रत्यक्षात बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्याबरोबर एखाद-दोन किलोमीटरवरून उडत आलेल्या निखाऱ्यांनी. निखारा छताखालच्या हवेच्या जाळीतून माळ्यावर शिरतो, पन्हाळीत साठलेल्या वाळक्या पानांवर बसतो, दाराशी ठेवलेल्या काथ्याच्या पायपुसण्यावर पडतो. तो तिथे अर्धा-पाऊण तास नुसता धुमसत राहतो. घरातली माणसं कधीच निघून गेलेली असतात, त्यामुळे बादलीभर पाण्याने विझली असती अशी ती ठिणगी सगळं घर घेऊन जाते. मग त्या घराच्या धगीने शेजारच्या घराची काच तडकते आणि ज्वाळा आत शिरतात. इथपासून पुढे जळण म्हणून झाडांची गरज उरत नाही, घरंच एकमेकांना पेटवतात. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्याच, २०१८ मध्ये जळालेल्या पॅरडाइज गावाच्या छायाचित्रांत घरांची राख दिसते आणि तिच्या बाजूला हिरवी झाडं उभी दिसतात.

अमेरिकेच्या वनखात्यातले निवृत्त संशोधक जॅक कोहेन हे अनेक दशकं सांगत आले आहेत : घर वाचणार की जळणार हे दूरच्या जंगलापेक्षा घराची बांधणी आणि त्याच्या भोवतीची काही मीटर जागा ठरवते. २०१७ साली सांता रोझा शहरातली कॉफी पार्क ही सपाट जागेवरची, साधी वसाहत जळाली. आग सहापदरी महामार्ग ओलांडून तिथे पोचली. सरकारी नकाशात ही वसाहत अतिधोक्याच्या पट्ट्यात नव्हतीच. ओकलंड १९९१, सांता रोझा २०१७, पॅरडाइज २०१८, कोलोरॅडोतलं बोल्डरजवळचं मार्शल अग्निकांड २०२१, हवाईतलं लहायना २०२३ : नावं बदलतात, प्रकार तोच.

विम्याचं गणित कुठे चुकतं

विमा चालतो तो एका साध्या गृहीतकावर. लाख घरांपैकी वर्षभरात काही मोजकी घरं जळतात, ती वेगवेगळ्या गावांत आणि वेगवेगळ्या दिवशी. बाकीच्यांच्या हप्त्यांतून त्यांची भरपाई होते. वणवा हे गृहीतकच मोडतो. एका गल्लीतलं घर जळालं की शेजारचंही जळण्याची शक्यता वाढते, आणि सगळे दावे एकाच आठवड्यात दारात येतात. पॅरडाइजच्या आगीनंतर मर्सेड प्रॉपर्टी अँड कॅज्युअल्टी ही छोटी विमा कंपनी बुडाली ती याचमुळे. तिचे ग्राहक एकाच परिसरात एकवटलेले होते.

असा धक्का एकट्याने सोसता येत नाही, म्हणून विमा कंपन्या स्वतःचाही विमा उतरवतात. त्याला पुनर्विमा म्हणतात. म्युनिक री, स्विस री या युरोपातल्या कंपन्या या धंद्यातल्या बड्या. त्यांच्या अंदाजानुसार लॉस एंजेलिसच्या आगींत विमा असलेलं नुकसान सुमारे ४,००० कोटी डॉलरचं, म्हणजे आजवरच्या कुठल्याही वणव्यापेक्षा मोठं. पुनर्विमा महागला की त्याची झळ शेवटी घरमालकाच्या हप्त्याला लागते, किंवा लागायला हवी. कॅलिफोर्नियात मात्र अनेक वर्षं ती लागू दिली गेली नाही.

स्वस्त हप्त्याची किंमत

१९८८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन १०३ हा कायदा मंजूर केला. वाहनविम्याच्या भरमसाट दरांवरचा राग त्यामागे होता. वाहन किंवा घराच्या विम्याचा दर वाढवण्याआधी कंपनीने विमा आयुक्ताची परवानगी घ्यायची आणि तो आयुक्त जनतेने निवडून द्यायचा, असं ठरलं. सात टक्क्यांहून जास्त वाढ मागितली तर ग्राहक संघटना जाहीर सुनावणी मागू शकतात. त्यामुळे कंपन्या वर्षानुवर्षं ६.९ टक्क्यांची मागणी करत राहिल्या.

अडचणीची खरी गोष्ट दुसरी होती. वणव्याच्या धोक्याचा हिशोब मागच्या वीस-एक वर्षांच्या नुकसानाच्या सरासरीवरच करायचा, असा नियम होता. हवामान बदललं, डोंगरकड्यांवर नव्या वसाहती झाल्या, हे सरासरीत दिसत नव्हतं. पुनर्विम्याचा खर्चही हप्त्यात धरता येत नव्हता. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांच्या आगींनी कंपन्यांचा आधीच्या दोन दशकांहून जास्त काळातला नफा पुसून टाकला.

मग कंपन्यांनी हात काढून घ्यायला सुरुवात केली. ऑलस्टेटने २०२२ मध्ये नव्या पॉलिसी थांबवल्या. राज्यातली सर्वांत मोठी गृहविमा कंपनी स्टेट फार्म हिने मे २०२३ मध्ये नवे अर्ज घेणं बंद केलं आणि मार्च २०२४ मध्ये सुमारे ७२ हजार पॉलिसींचं नूतनीकरण करणार नसल्याचं जाहीर केलं. त्यांतल्या सुमारे १,६०० पॅसिफिक पॅलिसेड्समधल्या होत्या.

माझं मत स्पष्ट आहे. दर दाबून ठेवण्यामागे ग्राहकाचं भलं करण्याचा हेतू होता, पण त्याने धोका लपला. आपण किती धोकादायक जागी राहतो, हे हप्त्याच्या आकड्याने घरमालकाला वेळीच सांगायला हवं होतं. ते कळलं ते पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र आलं तेव्हा.

शेवटचा आसरा

ज्यांना कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही, त्यांच्यासाठी फेअर प्लॅन आहे. १९६० च्या दशकातल्या दंगलींनंतर शहरांतल्या गरीब वस्त्यांना विमा मिळेना, म्हणून १९६८ मध्ये तो सुरू झाला. ही सरकारी कंपनी नाही. राज्यात धंदा करणाऱ्या सर्व मालमत्ता विमा कंपन्यांनी मिळून चालवायची ही सामाईक गंगाजळी आहे. इथला विमा महाग आणि अपुरा असतो. मुख्यतः आग, धूर, वीज पडणं एवढंच त्यात येतं. चोरी, पाइप फुटणं, कुणी अंगणात घसरून पडल्यास येणारी जबाबदारी यांसाठी वेगळी पूरक पॉलिसी घ्यावी लागते. घराची कमाल मर्यादा ३० लाख डॉलर.

तात्पुरता आसरा म्हणून काढलेल्या या योजनेत सप्टेंबर २०२४ पर्यंत साडेचार लाख घरं गोळा झाली होती, चार वर्षांत दुपटीहून जास्त. म्हणजे सर्वांत धोक्याची घरं एकाच टोपलीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये फेअर प्लॅनचे पैसे पुरेनात. सदस्य कंपन्यांकडून १०० कोटी डॉलर गोळा करायला राज्याने मंजुरी दिली आणि त्यातला निम्मा भार कंपन्यांना राज्यभरातल्या आपल्या ग्राहकांवर टाकता येईल अशी सोय झाली. डोंगरापासून दूर, सपाटीवर राहणाऱ्या माणसानेही कड्यावरच्या बंगल्याचे पैसे भरायचे, असा त्याचा अर्थ.

पॉलिसी आहे, पण पुरत नाही

ज्यांच्याकडे चांगल्या कंपनीची पॉलिसी आहे त्यांचीही सुटका सहज होत नाही. समजा, घराचा विमा दहा वर्षांपूर्वी ५ लाख डॉलरचा उतरवला. त्यावर २५ टक्के जादा संरक्षण घेतलं, म्हणजे कमाल सव्वासहा लाख. आगीनंतर हजारो घरं एकदम बांधायला निघतात, सुतार-गवंडी मिळत नाहीत, सामान महागतं आणि नव्या नियमांनुसार बांधायचं तर खर्च ९ लाखांवर जातो. उरलेले पावणेतीन लाख डॉलर कुठून आणायचे? मार्शल अग्निकांडानंतर कोलोरॅडोत अनेक कुटुंबं नेमकी इथेच अडकली.

सामानाचा दावा हा आणखी एक छळ. घरात काय काय होतं त्याची यादी मागितली जाते : वस्तू, संख्या, कधी घेतली, किंमत किती. राखेसमोर उभ्या असलेल्या माणसाने स्वयंपाकघरातले चमचे, मुलांचे स्वेटर, आजीच्या फोटोंच्या चौकटी आठवून मांडायच्या. ही वागणूक अमानुष आहे. राज्याने त्यावर थोडा उपाय केला आहे. घर पूर्ण जळालं असेल तर सामानाच्या विम्यातला ठरावीक हिस्सा यादी न मागता द्यायचा, असा कायदा आहे आणि २०२५ मध्ये तो हिस्सा वाढवण्यात आला.

ज्यांचं घर उभं राहिलं त्यांची कथा वेगळीच. भिंती शाबूत, पण गादीत, गालिच्यात, माळ्यावर विषारी काजळी. घर राहण्यालायक आहे की नाही यावरून वाद. धुराच्या नुकसानीबाबतचे फेअर प्लॅनचे नियम बेकायदा आहेत, असा निकाल लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिला.

आल्टाडिना

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते आल्टाडिना. वर्णभेदामुळे जेव्हा कृष्णवर्णीय कुटुंबांना इतर वस्त्यांत घर मिळत नसे, तेव्हा या गावाच्या पश्चिम भागात त्यांना जागा मिळाली. आजी-आजोबांनी घेतलेली घरं नातवंडांकडे आली. कर्ज फिटलेलं असलं की बँक विम्याची सक्ती करत नाही, आणि हप्ता परवडेना तेव्हा काहींनी विमा सोडला किंवा कमी केला. त्या रात्री लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेकडच्या भागाला घरं सोडण्याचा आदेश पहाटे सव्वातीननंतर मिळाला, आग लागून नऊ तास होत आले होते. ईटनच्या आगीतले जवळजवळ सगळे मृत्यू त्याच भागातले आहेत. खरा दर लावा, असं मी वर म्हटलं. पण तो भरण्यासाठी अशा कुटुंबांना मदत केली नाही, तर खऱ्या दराचा अर्थ त्यांना गावाबाहेर काढणं एवढाच होईल.

आता काय बदलतंय

डिसेंबर २०२४ मध्ये, आगीच्या काही आठवडे आधीच, आयुक्त रिकार्डो लारा यांनी नियम बदलले. कंपन्यांना भविष्यातल्या धोक्याची संगणकीय प्रारूपं वापरता येतात, पुनर्विम्याचा खर्च धरता येतो. त्या बदल्यात, राज्यात आपला जेवढा वाटा आहे त्याच्या किमान ८५ टक्के एवढा व्यवसाय धोक्याच्या भागातही करायची अट आहे. मे २०२५ मध्ये स्टेट फार्मला १७ टक्के तातडीची वाढ मिळाली. हप्ते वाढणार हे नक्की.

हप्ता कमी करण्याचा टिकाऊ मार्ग घराच्या भिंतीपासून सुरू होतो. घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत, ज्याला तिथे झोन झिरो म्हणतात, जळेल असं काहीही ठेवायचं नाही : झुडूप नाही, लाकडी कुंपण नाही, लाकडाचा भुसा नाही. हवेच्या झरोक्यांना बारीक धातूची जाळी, न पेटणारं छप्पर, दुहेरी कडक काचा. असे उपाय करणाऱ्यांना सवलत द्यायची सक्ती राज्याने २०२२ मध्येच विमा कंपन्यांवर केली. पण एकट्याने करून भागत नाही. शेजाऱ्याचं लाकडी कुंपण तुमच्या भिंतीला टेकलेलं असेल तर तुमची मेहनत वाया जाते. उपाय गल्लीने मिळून करावे लागतात.

वाचकांसाठी

आपल्याकडे विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा ही प्रमाणित पॉलिसी आणली आहे. तिच्यात वणव्याने झालेलं नुकसानही येतं. तरीही घराचा विमा उतरवणारी मराठी कुटुंबं थोडीच.

कॅलिफोर्नियात तुमचा मुलगा, मुलगी, भाचा घर घेऊन राहत असेल तर त्यांना आजच तीन गोष्टी करायला सांगा. पॉलिसीतली बांधकामाची रक्कम आजच्या स्थानिक दराशी ताडून पाहा. फोन हातात घेऊन प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट उघडून चित्रीकरण करा आणि ते घराबाहेर, ऑनलाइन साठवून ठेवा. आणि भिंतीला टेकलेली झुडपं या शनिवारी-रविवारी काढून टाका.