किती खोल शोधायचे?



संगणकात फाईल शोधायची एक आज्ञा आहे. तिचे नाव फाइंड. आपल्या शाळेच्या संगणकात लिनक्स आहे. त्यात काळी खिडकी उघडून ही आज्ञा टाईप करायची, माऊसचं काम नाही. तिच्याबद्दल गुरुजींनी सांगितलं ते मी लिहितो.

संगणकात फोल्डर असतात. फोल्डरात फोल्डर, त्यातही फोल्डर. घरी फडताळात डबा, डब्यात वाटी अन् वाटीत पुरचुंडी असते ना, तसंच. फाइंड फार प्रामाणिक आहे. ती शेवटच्या पुरचुंडीची गाठसुद्धा सोडून बघते. फाईल वरच सापडली तरी थांबत नाही, शोधतच राहते. तोवर इकडे लाईट जाते!

म्हणून तिला मॅक्सडेप्थ सांगतात, म्हणजे जास्तीत जास्त खोली. राहायची खोली नव्हे, विहिरीची खोली.

आपल्या संगणकात ‘चित्रे’ नावाचं फोल्डर आहे. शोध तिथून सुरू केला तर ‘चित्रे’ स्वतः 0. त्याच्यात जे जे ठेवलंय ते 1. त्यातच ‘तिसरी’ हे फोल्डर आहे, तेही 1, पण त्याच्या पोटातल्या फाईली 2. मॅक्सडेप्थ 1 लिहिलं की फाइंड ‘तिसरी’चं दार बघते, पण आत जात नाही.

आज्ञा अशी (टाईप करताना इंग्रजी अक्षरं):

फाइंड चित्रे -मॅक्सडेप्थ 1 -नेम '*.जेपीजी'

चांदणी म्हणजे कोणतंही नाव चालेल. मॅक्सडेप्थ नावाच्या आधी लिहावं. नंतर लिहिलं तर काम होतं, पण संगणक कुरकुरतो.

आता खरी भीतीची गोष्ट. ‘चित्रे’मध्ये वरवर दोनदा स्कॅन झालेली बरीच चित्रं पडली होती. ती पुसायची होती. आज्ञेच्या शेवटी डिलीट लिहिलं की फाईली पुसल्या जातात. कचरापेटीतही सापडत नाहीत. ‘तिसरी’तली आपली मागच्या वर्षीची चित्रंही जेपीजीच आहेत. मॅक्सडेप्थ नसतं तर तीही गेली असती. आपल्या वर्गातली एक मुलगी घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली आहे. तिचा कागद पावसात भिजला, बैलगाडीचं चित्र आता फक्त संगणकातच आहे.

गुरुजी आधी डिलीट न लिहिता आज्ञा चालवतात. मग नुसती यादी दिसते. ती आम्ही दोघा-तिघांनी मोठ्यानं वाचली. ‘तिसरी’तलं एकही नाव त्यात नव्हतं. मगच शेवटी डिलीट लिहिलं. ते शेवटीच लिहायचं बरं का! नेमच्या आधी लिहिलं तर नाव न बघताच पुसत सुटते.

बैलगाडीचं चित्र छापून या कागदाशेजारी लावलं आहे. पालकांनी जरूर बघावं.