अपघातानें आलेलें अपंगत्व व सरकारी साहाय्य

मळणीच्या दिवसांत यंत्राच्या तोंडाशीं पेंढ्या सरकवतांना हात आंत ओढला जाणें, कडबाकुट्टीच्या पात्याखालीं बोटें सांपडणें, ट्रॅक्टर उलटून पाय चिरडणें, असे अपघात आपल्या खेड्यापाड्यांतून दरवर्षीं ऐकूं येतात. जखमी माणसास दवाखान्यांत पोंचविण्याची घाई प्रत्येकजण करतो आणि ती योग्यच आहे. परंतु पुढें सरकारकडून जें साहाय्य मिळावयाचें तें बव्हंशीं पहिल्या महिन्यांतील कागदपत्रांवर अवलंबून असतें, ही गोष्ट त्या धांवपळींत कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं. ती वाचकांच्या नजरेस आणावी एवढ्याचसाठीं हा लेख.

आमच्या माहितींतील एका तरुण शेतकऱ्याचा उजवा हात कडबाकुट्टींत मनगटापासून गेला. घरच्यांनीं उपचारासाठीं जनावरें विकलीं. परंतु पोलीस पाटलास खबर दिली नाहीं, पंचनामा झाला नाहीं. तीन महिन्यांनीं कोणी सुचविलें म्हणून त्याचा भाऊ कृषि कार्यालयांत गेला, तेव्हां मुदत टळून गेलेली होती. एक लाख रुपयांस तें घर मुकलें.

हे एक लाख रुपये ज्या योजनेंतून मिळावयाचे तिचें नांव 'गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना' असें आहे. पूर्वीं हें साहाय्य विमा कंपनीमार्फत मिळत असे; एप्रिल 2023 पासून राज्य सरकार ही रक्कम स्वतःच देऊं लागलें. सात-बारावर ज्याचें नांव आहे तो शेतकरी आणि त्याच्या घरांतील खातेदार नसलेली एक व्यक्ति, म्हणजे आई, वडील, पति किंवा पत्नी, मुलगा अथवा अविवाहित मुलगी, अशा दोघांस ती लागू आहे. वय 10 ते 75 वर्षें असावें. हप्ता कांहींच भरावा लागत नाहीं. अपघातानें एक डोळा अथवा एक अवयव निकामी झाल्यास 1 लाख रुपये, आणि दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा व एक अवयव गेल्यास 2 लाख रुपये मिळतात. विजेचा धक्का, सर्पदंश, उंचावरून पडणें, औषध फवारतांना होणारी विषबाधा, हींही कारणें तींत येतात.

अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे तीस दिवसांचे आंत द्यावयाचा असतो. मंजुरी तहसीलदाराच्या अध्यक्षतेखालील समिति देते. येथेंच घोडें पेंड खातें. जखम भरल्याशिवाय अवयव कायमचा निकामी झाला असें डॉक्टर सहसा लिहून देत नाहींत, आणि जखम भरेपर्यंत महिना उलटून जातो. म्हणून आमचा सल्ला असा कीं, त्याच दिवशीं पोलीस पाटलास व ठाण्यास कळवून पंचनामा करून घ्यावा. रुग्णालयांतील नोंदींच्या नकला मागून घ्याव्या. त्यांस सात-बारा व वयाचा पुरावा जोडून अर्ज मुदतींतच नेऊन द्यावा आणि पोंच घ्यावी. अपंगत्वाचा दाखला केव्हांपर्यंत हजर करावयाचा तें तेथेंच विचारून ठेवावें. जखमीच्या उशाशीं बसलेल्या माणसाकडून हें होणार नाहीं. भाऊबंदांपैकीं एकानें हेंच काम अंगावर घ्यावें.

ह्याहून निराळी अशी केंद्र सरकारची 'प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना' 2015 सालापासून चालू आहे. बँकेंत खातें असणाऱ्या 18 ते 70 वर्षें वयाच्या माणसास ती वर्षास 20 रुपयांत घेतां येते. हप्ता खात्यांतून आपोआप कापला जातो. मात्र मे महिन्याच्या अखेरीस खात्यांत तेवढे पैसे हवेत. वीस रुपयांअभावीं विमा तुटलेला आम्हीं पाहिला आहे.

जखम भरल्यावर दुसरें काम दिव्यांगत्वाच्या दाखल्याचें. हा दाखला व त्यासोबतचें ओळखपत्र ह्यांसाठीं सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून जिल्हा रुग्णालयांत किंवा नेमून दिलेल्या अन्य रुग्णालयांत तपासणीस जावें लागतें. 2016 च्या कायद्यानें एकवीस प्रकारचीं अपंगत्वें मान्य केलीं असून बहुतेक सवलतींस निदान 40 टक्के अपंगत्व लागतें. पुष्कळ घरांतून, विशेषतः मुलगी लग्नाची असल्यास, हा दाखला काढणें कमीपणाचें मानतात. हा लाज-संकोच आम्हांस समजतो, परंतु पटत नाहीं. दाखल्यावांचून कोणतेंच दार उघडत नाहीं: एस.टी.च्या भाड्यांतील 75 टक्के सूट नाहीं, कीं सरकारी शिबिरांतून मिळणारा कृत्रिम हातपाय नाहीं.

ग्रामपंचायतीनें स्वतःच्या उत्पन्नापैकीं 5 टक्के रक्कम गांवांतील दिव्यांगांसाठीं खर्चावी असा नियम आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकजण स्वतःच पंच आहेत. त्यांनीं हा पैसा कोणास पोंचला हें दप्तर उघडून पाहावें.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेंतून दिव्यांगांस दरमहा 1,500 रुपये मिळत. 2025 सालीं ही रक्कम 2,500 करण्याचा निर्णय राज्य सरकारनें घेतला. अर्ज तहसील कार्यालयांत करावयाचा. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षास 50,000 रुपये असल्यामुळें बहुतेक बागाईतदारांच्या घरांस ती लागू पडणार नाहीं, परंतु आपल्या शेतावर राबणाऱ्या मजुरांस पडेल.

मजुरांविषयीं आणखी एक गोष्ट बोलून दाखविणें अवश्य आहे. सात-बारा नांवावर नसल्यामुळें भूमिहीन मजुरास वरील शेतकरी योजनेचा आधार नाहीं, आणि मळणीयंत्राच्या तोंडाशीं उभा असतो तो बहुधा तोच. यंत्रशक्तीनें चालणाऱ्या अवजारांवर शेतीचें काम करतांना मजूर अपंग झाल्यास भरपाई मालकानें द्यावयाची, असें 1923 च्या कायद्यांत होतें, आणि तो विषय नोव्हेंबर 2025 पासून अमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आलेला आहे. तेव्हां मजुराचा हात गेला असतां चार नोटा देऊन त्यास घरीं धाडणाऱ्या मालकाची जबाबदारी त्यानें संपत नाहीं. मजुराचें बँकेंत खातें उघडवून वीस रुपयांचा विमा आपण भरावा, आणि यंत्राचें तोंड व पट्टे झांकून घेतल्यावांचून तें चालूं करूं नये.